भट्टीची ओढ

धाकटी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायची. फोन उचलायचा, नाव लिहून घ्यायचं आणि गाल सुजलेल्या माणसाला 'बसा, लगेच होईल' असं धादांत खोटं सांगायचं, हे तिचं काम. ते ती हसतमुखाने करायची, पण जीव अडकलेला असायचा ब्लॉगमध्ये. 'आमच्या घरची भट्टी' असं त्याचं नाव. वडील अकाली गेल्यावर आईने घरामागची भट्टी चालवली आणि दोन मुली वाढवल्या. त्या भट्टीतले पाव, बिस्किटं आणि केक धाकटी आता घरच्या छोट्या ओव्हनमध्ये करून बघायची आणि त्यावर लिहायची. आई तिच्याकडेच राहायची. तिच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता, पण खुर्चीत बसल्या बसल्या ती पिठात बोट खुपसून बघायची आणि म्हणायची, अजून मळ, अंग चोरू नकोस.

धाकटीच्या लिहिण्यात गोडवा होता. मनुकांच्या पावावरचा तिचा लेख तर फारच गाजला. त्यात तिने थोरल्या बहिणीबद्दल लिहिलं होतं: 'ताईला लहानपणापासूनच भट्टीची ओढ. मी शाळेला निघायचे तेव्हा ती कोपरापर्यंत पिठात बुडालेली असायची आणि आपल्याच नादात गुणगुणत असायची.' वाचणाऱ्या बायकांचे डोळे पाणावले. त्यांनी पाव केले, फोटो पाठवले, आणि असं घर आम्हालाही मिळायला हवं होतं, असं लिहिलं.

ताई त्याच गावात राहायची. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या, हे तिचं काम. दर रविवारी ती आईकडे यायची, आईचे केस विंचरायची, चहा घ्यायची आणि जास्त न बोलता निघून जायची. ब्लॉगबिग काही तिच्या गावी नव्हतं. तिच्या मुलीनेच तो शोधून काढला आणि मावशीने तुझ्यावर किती छान लिहिलंय म्हणून मोठ्या कौतुकाने तिला वाचून दाखवला.

त्या रविवारी ताई आली ती थेट स्वयंपाकघरात. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीत पेंगत होती. धाकटी ओट्याशी पीठ मळत होती.

"मला भट्टीची ओढ होती म्हणे," ताई म्हणाली.

धाकटी हसली. तिला वाटलं, ताईला लेख आवडला.

"ओढ नव्हती गं. ओढत नेलं होतं मला. भर वर्गातून."

मग ताईने सांगितलं. वडील गेल्यानंतर आई एकदा शाळेत आली, बाईंशी दोन शब्द बोलली, ताईचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन निघाली. ताईला वाटलं, घरी पाहुणे आले असतील, उद्या परत यायचंच आहे. तो उद्या काही आला नाही. पुढे पावाचे तापलेले पत्रे भट्टीतून काढताना हात भाजले, बरे झाले, पुन्हा भाजले. म्हणून ती भर उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्या घालायची. धाकटीला इतकी वर्षं वाटत होतं, ताईला तशाच बाह्या आवडतात.

"आणि मी गुणगुणत नव्हते," ताई म्हणाली. "पाढे म्हणायचे. विसरू नयेत म्हणून."

 पिठाने माखलेले हात कुठे ठेवावेत ते धाकटीला कळेना.

"ते काढून टाक. एवढंच सांगायला आले होते."

ताई गेल्यावर धाकटीने आईला विचारलं. आईने खिडकीकडे तोंड वळवलं. "तू एवढीशी होतीस," ती म्हणाली. "मला दुसरं कोण होतं?" आणि ओव्हन तापला का, म्हणून विचारू लागली.

धाकटीने तो लेख काढून टाकला. पण तेवढ्याने तिचं मन भरेना. खोटं पुसलं तरी खरं कुठे सांगितलं गेलं, हा विचार तिला स्वस्थ बसू देईना. तिने नवा लेख लिहायला घेतला आणि त्यात हातचं काही राखलं नाही. शाळा, दप्तर, तापलेले पत्रे, भाजलेले हात, पाढे, सगळं लिहिलं. लिहिताना ती हमसून हमसून रडली. आता ताईला बरं वाटेल, असं तिला मनापासून वाटत होतं.

लेख वाऱ्यासारखा पसरला. कुणी आईला कैदाशीण ठरवलं, कुणी ताईला देवता केलं. एकीने मनुका आधी भिजवायच्या का, असं विचारलं. लाँड्रीतल्या मुकादमीणबाईंनी चहाच्या सुट्टीत तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर बायका एकेक करून ताईचे हात बघायला आल्या, आणि एकीने तर मायेने तिची बाहीच वर सरकवली.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"मी काढ म्हटलं होतं. लिही म्हटलं नव्हतं."

"पण ताई, ते खरं होतं."

"माझं होतं," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

धाकटीने तो लेख काढला, मग अख्खा ब्लॉगच पुसून टाकला. पण तोवर तो किती जणांनी उचलून कुठे कुठे चिकटवला होता, त्याला गणती नव्हती. तिने काहींना विनवण्या केल्या. एका गृहस्थाने उलट विचारलं, चांगली गोष्ट लपवता कशाला?

रविवारी ताई आली नाही. पुढच्याही रविवारी आली नाही. आई केस सोडून दाराकडे तोंड करून बसायची. धाकटीने विंचरायला घेतलं की म्हणायची, तुझा हात जड आहे. ताई का येत नाही, हे मात्र तिने एकदाही विचारलं नाही.

शेवटी धाकटी ताईच्या घरी गेली. भाचीने दार अर्धंच उघडलं.

"आईने सांगितलंय, ती घरात नाही."

आत नळ वाहत होता, तो बंद झाला.

"मी सगळं पुसून टाकलं म्हणून सांग तिला."

"सांगितलं मी, मावशी." भाची खाली बघत होती. "तिने लाँड्री सोडली. आता ऑफिसं झाडायला जाते, सगळे गेल्यावर. म्हणते, तिथे ओळखीचं कुणी नसतं." मग म्हणाली, "तू नको येत जाऊस. तुझं नाव निघालं की ती जेवत नाही."

दार लागलं. धाकटी जिन्यात तशीच उभी राहिली. वरून कचऱ्याची बादली घेऊन उतरणाऱ्या एका बाईने तिला विचारलं, कोण हवंय?

"कुणी नाही," धाकटी म्हणाली आणि बाईला वाट देण्यासाठी भिंतीला टेकली.