गव्हाण आहे मी, भाताचं पातेलं नाही

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. अर्धाच. आधी विक्रोळीच्या ह्याच चाळीत पाणी साठवायचो. मग जयवंतकाकांनी मला उभा चिरला, कडा घासल्या आणि कोकरांची गव्हाण केली. घासल्या म्हणजे कशाबशा घासल्या, पण कोकरांचं तोंड कापत नाही.

काकांनी दोन कोकरं आणली, दूध सुटलेली. पोरीच्या, स्वरदाच्या हळदीला घरचं मटण घालायचं होतं. अख्ख्या चाळीला सांगून झालं, व्याह्यांनाही. रोज माझ्यात सुका चारा, तुरीचा भुसा, वर मूठभर मक्याचा भरडा. भरडा एकदम वाढवायचा नाही, हळूहळू. मग टेकडीवर फिरवायचं, नाहीतर नुसती चरबी धरते. मला सगळं पाठ झालं, माणसांना होत नाही.

येईल तो माझ्यात काहीतरी टाकायचा. वेफर, शिळी चपाती. काका ओरडून ओरडून दमले. डोकं फिरतं यार.

हळदीच्या आदल्या दिवशी मानखुर्दची नलिनीआत्या आली. जेवणं उरकली आणि तिने उरलेला पातेलंभर भात माझ्यात उपडा केला.

"अगं आत्या, काय करतेस?" स्वरदा धावत आली.

"लगीनघर हा गो. हयसर मुक्या जनावराक उपाशी ठेवतास?"

"उपाशी कुठे? आत्ताच खाल्लंय त्यांनी."

तोवर भात संपला होता. कोकरं कधी नाही म्हणतात?

सकाळी दोघांची पोटं ढोलासारखी. दात करकर खात पडलेली. डॉक्टरांनी नळी घातली, इंजेक्शनं दिली. जगली. पण डॉक्टर म्हणाले, अंगात औषध आहे, आता इतक्यात ह्यांचं मटण कोणी खायचं नाही.

काकांनी दुकानातून मटण आणलं. पंगतीत व्याही बराच वेळ चावत राहिले.

"हेच का ते घरचं?"

काका वाढतच राहिले, मान खाली घालून. कारण सांगितलं असतं तर सख्ख्या बहिणीची लाज गेली असती.

आणि पंगत उठल्यावर आत्या परत आली. हातात उरलेले वडे.

स्वरदाने मला पालथा घातला आणि वर बसली. तोंडाला हळद, हातात हिरवा चुडा.

"हळद लागल्यार नवरी भायर बसता?"

"बसते. तू झोपायला गेलीस की उठते."

मित्रांनो, मुक्या जनावरावर जीव आहे ना तुमचा? मग हातातलं टाकायच्या आधी पाळणाऱ्याला विचारा. विचारायला काय जातं तुमचं?