मोकळं करा तिला

मी लगाम बोलतोय. घोड्याच्या तोंडातला, खराखुरा. माणसं उठल्यासुटल्या एकमेकांना 'जिभेला लगाम घाल' म्हणून सुनावतात, तो मी नव्हे. जिभेवर माझी हुकमत चालती तर ही गोष्ट घडलीच नसती आणि आज मान खाली घालून ती सांगायची वेळ माझ्यावर आली नसती. लगामाला कुठली आली मान, असं विचाराल. खुंटीवरचं चामडं खालीच लोंबतं, तीच मान समजा.

एका खोगीर शिवणाऱ्याच्या दुकानात माझा जन्म झाला. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यात उभं राहायचं. कारागीर मोठा खडूस होता. चामडं तेलात मुरवलं, पट्टे कापले, मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवले आणि मधे लोखंडाची दांडी अडकवली. मला हातात धरून त्यानं खसाखसा ओढलं, कुठे उसवतोय का पाहिलं आणि नुसतं 'हं' म्हणाला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. नंतरची कौतुकं जी ऐकली, त्यांच्यापेक्षा हे 'हं' पुष्कळ बरं होतं.

ज्यांनी मला नेलं ते बाबा मुलांना घोड्यावर बसायला शिकवत. मैदानाला लागून तबेला, तबेल्याला लागून घर. माणूस देवमाणूस, पण एक खोड अशी की कडू शब्द म्हणून तोंडातून बाहेर पडायचा नाही. एखादं पोरगं साता जन्मात घोडा शिकणार नसलं तरी बाबा त्याच्या आईला सांगायचे, 'हळूहळू बसेल मांड.' घरात कुणी तापानं फणफणलं तर 'अंग जरा कोमट आहे' म्हणायचे. मेहुण्याची नोकरी गेली तेव्हा 'तो हल्ली घरी असतो' एवढंच. बघता बघता अख्खं घर तसंच बोलायला लागलं.

मी यायच्या आधी तबेल्यात एक म्हातारा घोडा होता. त्याचे फार हाल व्हायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सुई देऊन त्याला कायमचं निजवलं. बाबांनी घरात येऊन सांगितलं, 'म्हाताऱ्याला मोकळं केलं.' त्यांची लेक तेव्हा एवढीशी होती, सगळे तिला चिंगी म्हणत. मोकळं केलं म्हणजे चरायला सोडलं असेल असं समजून ती कुंपणाशी त्याची वाट बघत बसली. संध्याकाळी आईनं तिला मांडीवर घेऊन खरं काय ते समजावलं. तेव्हापासून त्या घरात 'मोकळं करणं' याचा अर्थ सगळ्यांना एकच ठाऊक होता. चिंगीला तर चांगलाच.

मग मिरी आली. काळी, अंगावर करडे ठिपके, तोंड बारीक. मला तिच्यासाठीच शिवलं होतं. बाबांनी ती चिंगीच्या वाढदिवसाला तिच्या नावावर केली. म्हणाले, घोडी तुझी, तिचं बरंवाईट तू ठरवायचं. चिंगीची छाती अशी फुगली म्हणता! थंडीच्या दिवसांत ती माझी दांडी आधी आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ऊबदार करायची आणि मगच मिरीच्या तोंडात सरकवायची. गार लोखंड दाताला लागलं तर मिरीला झिणझिण्या येतील म्हणे. मिरीनंही कधी तोंड वाकडं केलं नाही. मला पाहिलं की डोकं खाली करून आपणहून तोंड उघडायची. इतकी गुणाची घोडी मी दुसरी पाहिली नाही. तशी एकीच्याच तोंडात राहिलोय म्हणा.

दोघी पार मोठ्या होईपर्यंत आमचं छान चाललं होतं. मग एके दिवशी मैदानाकडेच्या नाल्यात मिरीचा पुढचा डावा पाय घसरला. सांधा टम्म सुजला. शेक झाले, पट्ट्या झाल्या, लेप झाले. सूज ओसरली, लंगडणं राहिलं. डॉक्टर म्हणाले, पाठीवर आता कुणाला बसवायचं नाही. झालं, माझी नोकरी सुटली. बाबांच्या भाषेत, मी हल्ली घरी असे.

त्याच सुमारास चिंगी शिकायला दूरच्या शहरात गेली. हातपाय आखडलेल्या माणसांना व्यायाम देऊन पुन्हा चालतं करायचं, असलं काहीतरी तिचं शिक्षण. जाताना मिरीच्या गळ्यात पडून रडली आणि आठवण म्हणून मला घेऊन गेली. वसतिगृहात पलंगाशेजारच्या हुकाला मला टांगलं. पहिले दिवस रोज माझा वास घ्यायची. पुढे तिची खोलीतली मैत्रीण माझ्यावर ओला टॉवेल वाळत घालायला लागली, तर चिंगीनं तिला हटकलंही नाही. मी मनात म्हटलं, हे लक्षण काही ठीक नाही.

बाबांचा फोन यायचा. इकडचं तिकडचं झालं की विचारायचे, 'मग मिरीचं काय करू या?' सांधा पुन्हा धरला होता. बसली की तिला उठवत नव्हतं, आई आणि बाबा दोन्हीकडून जोर लावून उभी करायचे. त्यात बाबांची कंबर गेलेली. शिकवणीला नवा घोडा हवा होता आणि तो बांधायला जागा एकच, मिरीची. लंगडी घोडी दुसरं कुणी नेणार नव्हतं. हे सगळं बाबा अडखळत, आडून आडून सांगायचे. घोडी लेकीची, तेव्हा शब्दही लेकीचा हवा, असं त्यांचं म्हणणं. चिंगी म्हणायची, 'बघू.' पुढच्या वेळी म्हणायची, 'परीक्षा होऊ दे.' परीक्षा झाली, तरी बघू चालूच. फोन ठेवला की तिचा चेहरा पडायचा, पण तो काही फार वेळ पडून राहायचा नाही. नव्या मैत्रिणी होत्या, नवं शहर होतं. बाबांनीच काय ते उरकावं आणि आपल्याला नंतर कळवावं असं तिला वाटत होतं. मोठ्यानं म्हणाली नाही, पण इतकी वर्षं तिच्या हातात काढलेला मी. हात कधी ढिला पडतो ते मला कळतं.

एका सुट्टीच्या दुपारी मैत्रिणी सिनेमाला निघाल्या होत्या. चिंगी आरशासमोर वेणी घालत होती, मैत्रीण दारात 'चल ना' म्हणून घाई करत होती. तेवढ्यात फोन वाजला. हात केसांत गुंतलेले, म्हणून तिनं तो पलंगावर ठेवूनच सुरू केला. त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

बाबांनी आधी तिच्या जेवणाची चौकशी केली. मग म्हणाले, "डॉक्टर उद्या इकडे येणार आहेत. मग... मोकळं करू का तिला?"

चिंगीचे हात थांबले. तिला कळलं होतं. अगदी लख्ख कळलं होतं. आरशात मला तिचं तोंड दिसत होतं.

"हो बाबा," ती म्हणाली. "मोकळं करा तिला. उगाच हाल नकोत."

बाबा 'बरं' म्हणाले. तिनं वेणी पुरी केली आणि ती सिनेमाला गेली. अहो, वेणी पुरी केली! मला तेच खुपतंय. तिनं हो म्हटलं म्हणून मी तिला बोल लावणार नाही. जनावराचे हाल थांबवणं यात पाप नाही, डॉक्टरही तेच सांगत होते. पण त्याच दिवशी गाडी पकडून मिरीच्या तोंडावरून एकदा हात फिरवायला काय झालं होतं? एखादा प्रश्न तरी विचारायचा. दारात मैत्रीण उभी होती म्हणून एका जिवाचा निकाल देऊन टाकला.

परत आल्यावर तिनं मला हुकावरून काढून कपाटात कपड्यांखाली सारलं. माझ्याकडे बघवेना तिला. घरी फोन करायची, पण मिरीचं नाव काढायची नाही. बाबाही काढायचे नाहीत. त्या घरात न बोलण्याची सवय सगळ्यांनाच होती. मैत्रिणीनं एकदा हुक रिकामा का म्हणून विचारलं, तर चिंगीला रडू फुटलं. घोडी गेली म्हणाली. मग काय, सगळ्या मुली गोळा झाल्या, कुणी चहा आणला, कुणी पाठीवरून हात फिरवला. सरांनीसुद्धा तिचा राहिलेला अभ्यास मागाहून द्यायला परवानगी दिली. तिनं ती घेतली. कपाटात अंधार होता ते बरं झालं, नाहीतर मी कुठे बघितलं असतं कोण जाणे.

मोठ्या सुट्टीत ती घरी निघाली. मला पिशवीत घातलं, तबेल्यात परत नेऊन ठेवायला. वाटेत तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. बाबा फाटकाशी उभे होते. सामान आत टाकू दिलं नाही, 'आधी इकडे ये' म्हणत तिला तबेल्यामागच्या मोकळ्या जागेकडे घेऊन गेले.

आणि तिथे मिरी उभी होती.

जिवंत. गळ्यात दोर नाही, काही नाही. पोट सुटलेलं, आयाळ वाढलेली, डावा पाय उचलून उभी राहून गवत ओरबाडत होती. जुनी चाऱ्याची खोली रिकामी करून बाबांनी तिला निवारा केला होता आणि जमिनीवर वाळूचा जाड थर घातला होता, बसउठ सोपी व्हावी म्हणून.

बाबा म्हणाले, "तू सांगितलंस ना, मोकळं करा. केलं."

तेवढ्यात आई हात पुसत आली आणि तिनं सगळी कहाणी सांगितली. डॉक्टर पिशवी उघडून तयार होते म्हणे. बाबा त्यांना म्हणाले, 'पोरीचा शब्द आलाय, मोकळं म्हणजे दोर सोडून मोकळं,' आणि सरळ जाऊन मिरीचा दोर सोडला. डॉक्टर आधी चिडले, मग दुखणं कमी करायची पावडर लिहून देऊन गेले. दुपारी दूधवाला आला, तोही म्हणाला की एवढी शिकायला गेली, पण मुकं जनावर विसरली नाही. आईच्या तोंडावरून तर कौतुक नुसतं ओसंडत होतं. चिंगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाला शिव्या पचवता येतात हो. न कमावलेलं कौतुक घशाखाली उतरत नाही.

संध्याकाळी बाबा मिरीचा पाय चोळत बसले होते. चिंगी मला पिशवीतून काढून तिथे आली. तिला फक्त मला खुंटीवर अडकवायचं होतं. पण मिरीनं मला पाहिलं. तीन पायांवर उड्या मारल्यासारखी चालत पुढे आली, डोकं खाली केलं आणि तोंड उघडलं.

चला म्हणाली. पाय धड टेकत नव्हता, तरी कामाला तयार!

चिंगी मला छातीशी धरून खाली बसली. हमसून हमसून रडली. मग बाबांकडे न बघता म्हणाली, "बाबा, मी चरायला सोडा असं म्हटलं नव्हतं. मी तेच म्हटलं होतं. आपल्या घरातलं."

मिरीच्या मागोमाग सरकून बाबांनी पुन्हा तिचा सांधा धरला होता, तो हात थांबला. मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा कडू बोलणार.

"मीही तेच विचारलं होतं गं," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सुई भरली तेव्हा दुसरा अर्थ सुचला."

पुढे ते पुष्कळ वेळ चोळत राहिले. म्हणाले, माझ्यानं ठरवणं झेपलं नाही म्हणून तुझ्या गळ्यात घातलं, आणि केलेलंही तुझ्याच नावावर खपवलं. चिंगीनं दुसरा पाय धरला. कुठे दाबायचं, किती वाकवायचं ते तिला आता येत होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मिरी मात्र तोंड उघडून उभीच होती, तेव्हा चिंगीनं त्यात मूठभर गवत घातलं.

आता मी तबेल्यात आहे. चामडं कडक झालंय, दांडीला गंज धरलाय. शेजारी नव्या घोड्याचा चकचकीत लगाम असतो, तो माझ्याशी फारसा बोलत नाही. चिंगी दर सुट्टीला येते आणि आली की आधी मिरीचा पाय बघते. पण आईला खरं कुणी सांगितलेलं नाही. घरी कुणीही आलं की ती कौतुकानं तीच कहाणी सुरू करते, पोरीनं कसं मोकळं करायला सांगितलं ती. मग बाबा पाण्याची टाकी बघायला उठतात आणि चिंगी वाळलेले कपडे पुन्हा घड्या घालायला घेते.

तेव्हा माझी एकच विनवणी आहे. कधी या घरी आलात आणि आईनं ती गोष्ट सांगितली, तर 'वा, काय मुलगी आहे' असं तेवढं म्हणू नका. गुपचूप मागच्या दारानं बाहेर जा आणि मिरीला चार काड्या गवत घाला. बापलेकीला मान वर करायला तेवढीच उसंत मिळेल.