पाटीवर जळणारी कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, शिंप्याच्या दुकानातली. आणि लपवून काय उपयोग, मी पक्की जळकुकडी आहे.

भट्टीत तापून, घणाचे घाव सोसून मी मास्तरांच्या हाती आले, त्याला तीस वर्षे झाली. दुकान उघडले की मास्तर आधी मला पुसत, सांध्यात तेलाचा थेंब सोडत. "अशी कात्री शोधून सापडणार नाही," असे ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मला आभाळ ठेंगणे होई.

मास्तरांचा हात सोन्याचा, पण तोंड फार वाईट. एकदा टाका चुकला म्हणून त्यांनी चारचौघांत लेकीला इतके झापले, की तिने दुकानात येणेच सोडले. मग मास्तरांनी भिंतीवर पाटी टांगली. रोज सकाळी तिच्यावर लिहायचे, ‘आज ओरडायचे नाही.’ संध्याकाळी कडेला बरोबरची खूण, नाहीतर फुली. पहिला महिना फुल्याच फुल्या. मी मनातून खूश होते. पण मास्तर चिकट. हळूहळू खुणा वाढल्या आणि लेक परत आली.

"बाबा, पुन्हा ओरडलात तर ही पायरी मी चढणार नाही हं," तिने बजावले.

जो तो पाटीचे कौतुक करू लागला. सकाळचा पहिला हातही पाटीला! मला पुसायचे राहूनच जाई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ठरवले, मास्तर ओरडलेच पाहिजेत.

लेक एका महागड्या कोटाचे कापड कापत होती. खडूच्या रेघेवरून मी मुद्दाम घसरले. कापड वीतभर चिरले. लेकीने निघायला आपली पिशवी उचलली. मास्तर लालबुंद झाले. त्यांनी तोंड उघडले, पाटीकडे पाहिले आणि ते लेकीकडे वळले.

"हात नाही ना कापला, बाळा?"

मग मला उचलून ते लेकीला म्हणाले, "तुझी चूक नाही गं. हिचा सांधा गंजलाय. पुसायचं मीच सोडलं."

लेकीने पिशवी खाली ठेवली. मी मात्र शरमेने अर्धी झाले.

मास्तरांनी पाटीवर दुसरी ओळ लिहिली, ‘कात्री पुसायची.’ मित्रांनो, गंज आपोआप चढतो, धार मात्र रोज राखावी लागते. स्वभावाचेही तसेच. तुम्हीही रोज एक हात फिरवत जा.

पाटीवर मी अजून थोडी जळते. पण तिच्यावर धूळ बसली, तर मला बघवत नाही.