साहेब आल्यावर अक्षता

लग्नपत्रिकेवर छापलेली वेळ आणि अक्षता पडण्याची वेळ यांची आपल्या भागात क्वचितच गाठ पडते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपण सगळेच त्या मांडवांत बसलो आहोत. पत्रिकेनंच वारा घेत माईकवरची स्वागतं ऐकली आहेत आणि मनातून चिडूनही गप्प राहिलो आहोत.

तासगावजवळच्या एका गावात नाथाजी नावाचे द्राक्षबागायतदार राहतात. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, रेश्माचं, लग्न वैशाखात ठरलं आणि मुहूर्त धरला भर दुपारचा. पत्रिका छापायला जाण्याआधी रेश्माचा मामा जोतीराम मुद्दाम घरी आला. त्याची सगळी नोकरी सैन्यात, त्यातली बरीच वर्षं राजस्थानच्या वाळूत गेलेली.

"दाजी, सकाळचा मुहूर्त धरा. ह्या दिवसांत दुपारचं ऊन लय वंगाळ. त्यात अक्काचा उपास असनार."

अक्का म्हणजे रेश्माची आई, बनाबाई. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत आईबापानं पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही तिकडच्या घराघरांतली रीत.

"सकाळी सायबास्नी जमत न्हाई," नाथाजी म्हणाले. साहेब म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन. "त्यांचा हात लेकीच्या डोक्यावर पडला पायजे. न्हाईतर गावात काय पत ऱ्हाईल माजी?"

"बेदाना हिरवा ऱ्हावा म्हनून शेडवर जाळी टाकता. आनि मानसास्नी कापडी मांडवात भाजता व्हय?"

"मिल्ट्रीत ऱ्हाऊन लय नाजूक झालास रं गड्या!" नाथाजी हसले आणि विषय तिथंच मिटला.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त कधीच टळून गेला. माईकवरून एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. नाव झालं की टॉवेल-टोपी आणि नारळ, मग पुढचं नाव. लहान पोरं रडून रडून दमली, म्हातारी माणसं खुर्चीतच कलंडली. नाथाजी मात्र मोठ्या पाहुण्यांत हसतखेळत फिरत होते. कोणी आग्रह केला म्हणून सोबतीला एक गिलास सरबत झालं, मग दुसरं. उपास त्यांनाही होता, पण पाहुण्यांचं मन कसं मोडायचं!

भरजरी शालू नेसून स्टेजच्या कडेला बसलेल्या बनाबाईंनी एकदा त्यांची बाही ओढली. "आवं, डोळ्यापुढं अंधारी येतीया."

"वाईच दम धर. सायेब फाट्यावर आल्यात."

तेवढ्यात हॉर्न वाजला. नाथाजी हार घेऊन दाराशी धावले. साहेब गाडीतून उतरले, नाथाजींनी हार उचलला आणि मागून रेश्माची किंकाळी आली, "आई!"

नाथाजींनी साहेबांच्या गळ्यात हार घातला आणि मग वळून पाहिलं. हो, हार आधी घातला. सगळ्या मांडवानं ते पाहिलं!

बनाबाई जमिनीवर पडल्या होत्या. अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. कोणीतरी त्यांच्या तोंडाला तांब्या लावायला गेलं, तर जोतीरामनं हात धरला. "शुद्धीत न्हाई ती! पानी छातीत जाईल. तोंडात नगं, अंगावर वता!"

त्यानं बहिणीला लिंबाच्या सावलीत नेलं. सत्काराचे टॉवेल गठ्ठ्यानं भिजवले, तिच्या मानेला आणि काखेत लावले. बायका पत्रिकांनी वारा घालू लागल्या.

साहेब नाथाजींजवळ आले. "नाथाजीराव, माझ्यासाठी थांबला होता? अहो, आज मला पाच लग्नं आहेत. जमेल तसं येतो, असं कळवलं होतं. थांबा म्हणून मी कुठं म्हटलं?"

साहेबांनीच आपली गाडी दिली. त्या गाडीत बायकोचं डोकं मांडीवर घेऊन नाथाजी तासगावच्या दवाखान्यात निघाले. रेश्मा मागून ओरडून म्हणाली, "आई डोळं उघडल्याबिगर मी अक्षता घेनार न्हाई!"

डॉक्टर एवढंच म्हणाले, "अंगावर पाणी कोणी घातलं? त्यानंच वाचवलं यांना." सलाईन लागलं. उन्हं कलल्यावर बनाबाईंनी डोळे उघडले. आता घोट घोट पाणी पाजा, असं सांगून डॉक्टर गेले. नाथाजींनी गिलास तिच्या ओठांशी नेला.

"अक्षता पडल्या?" तिनं विचारलं.

"अजून न्हाई."

तिनं ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

नाथाजींनी गिलास खाली ठेवला. बाई मरणाच्या दारातून परत आली होती आणि तरी शब्द पाळत होती! आपण काय पाळलं?

"आगं," ते अडखळत म्हणाले, "मी... मी दोन गिलास सरबत प्यालो. पावन्यांसंगं."

 

त्यांनी जोतीरामला फोन लावला. "तुजी अक्का शुद्धीवर आलीया. रेश्माला सांग. आनि आत्ताच्या आत्ता अक्षता टाका, कुनाची बी वाट बघू नगासा!"

फोन बंद न करता स्पीकर लावून खाटेवर ठेवला. मंगलाष्टकं ऐकू येऊ लागली. बनाबाईंच्या हातात तांदूळ नव्हते. तरी प्रत्येक 'सावधान'ला त्या मूठ उचलून फोनवर उघडत होत्या. ताशा वाजला, तेव्हा त्या नवऱ्याच्या हातून पाणी प्यायल्या. नाथाजी फेट्याच्या शेमल्यात तोंड लपवून रडले.

पुढच्या वैशाखात त्यांच्या पुतण्याचं, वीरधवलचं, लग्न सकाळच्या गारव्यात लागलं. मांडवावर बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळी होती आणि जागोजागी पाण्याचे माठ. माईक हातात घेऊन नाथाजी एकच वाक्य बोलले, "हितं कुनाचाबी सत्कार होनार न्हाई." मग, अक्षता पडायच्या आधीच, सरबताचा गिलास घेऊन ते नवरीच्या उपाशी आईपुढं उभे राहिले. बायकांत कुजबुज झाली. ती बाई बिचकली.

"घ्या, ईनबाई. देव रागवत न्हाई. रागावलाच, तर माजं नाव सांगा."

बांधवांनो, ऊन दरवर्षी येणार आणि लग्नंही दरवर्षी होणार. उशिरा येणाऱ्या पाहुण्याला मागाहून जेवायला वाढता येतं. आलेल्या माणसांना मात्र वेळेवर सावली द्या, पाणी द्या, आणि सगळ्यात आधी ते नवरीच्या आईला द्या. बनाबाई बऱ्या झाल्या, पण एकुलत्या एका लेकीचं लग्न त्यांनी फोनवर ऐकलं. नाथाजी आजही कोणाच्या गळ्यात हार घालत नाहीत.