सुंदराबाईची सुई

"हिचीच सुई, हिचाच पेशंट, हिचाच देव. बाकीच्यांनी निस्तं आमेन म्हणायचं," माणिकबाई सतरंजी झटकता झटकता पुटपुटली.

दामिनी सिस्टर तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी होती. ती मुद्दाम खोकली.

"काही म्हटलं का, माणिकबाई?"

"नाही जी. सतरंजीत धूळ लय आहे म्हटलं."

गुरुवारची बायकांची प्रार्थना या वेळी सुंदराबाईच्या घरी होती. तीन दिवस दवाखान्यात काढून म्हातारी घरी आली होती आणि खिडकीशी खाटेवर पडून होती. मे महिन्याचं अमरावतीचं ऊन दाराबाहेर पसरलेलं, आत कूलरची घरघर.

दामिनीनं अकोल्याच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्सची नोकरी केली. रिटायर होऊन अमरावतीला माहेरच्या गल्लीत आली आणि चर्चच्या मंडळीतले सगळे आजारी तिनं आपल्या नावावर करून घेतले. सुंदराबाईची इन्शुलिनची सुई तर चार वर्षं, रोज सकाळी साडेसातला. कुणी मदतीला आलं की त्याच्या हात धुण्यापासून चुका निघायच्या. हळूहळू येणारे थांबले, आणि मग "या मंडळीत कोणाले सेवा करायले नको" असं म्हणायला ती मोकळी झाली.

प्रार्थना संपली तसा चर्चचे पाळक मनोज यांनी खिशातून कागद काढला. माणूस तरुण, आवाज मऊ. "सिस्टर, आम्ही सुईच्या जरा पाळ्या लावल्यात. सोमवार-मंगळवार वर्षाली, बुधवारी माणिकबाई. तुम्ही फक्त शिकवा."

"पाळ्या? सुई म्हणजे नाताळच्या करंज्या आहेत का, पाळीपाळीनं तळायले? ही वर्षाली ब्लाउजले उलट्या बाह्या लावते!"

समोरच्या घरी शिवणकाम करणारी वर्षाली म्हणाली, "एकदाच लावल्या व्हत्या. अन् त्या तुमच्या नव्हत्या."

कोणीतरी फिसकन हसलं. दामिनीची कानशिलं तापली.

"काहून पायजेत पाळ्या? मी मेली का? चार वर्षांत माझा एक दिवस तरी चुकला का?"

बायका खाटेकडे बघू लागल्या.

मागच्या शुक्रवारी तिला एकशेतीन ताप होता. सांगितलं असतं तर माणिकबाई वरण-भाताचा डबा घेऊन आली असती, आणि दामिनीला कुणाचा डबा नको होता. साडेसातला तिनं सुई दिली, सुंदराबाईला पोहे चारले, घरी जाऊन आडवी झाली. जाग आली ती सकाळची सुई राहिली असं वाटून दचकूनच. दहा वाजले होते. ती तशीच धावत आली. "सकाळी देली ना वं, दामिनी," म्हातारी म्हणाली होती. "मले शिकवू नका," दामिनी खेकसली होती. दुपारी माणिकबाई डोकावली तेव्हा सुंदराबाई घामानं थबथबलेली, जीभ जड. दवाखान्यात शुगर निघाली नुसती अडतीस. संध्याकाळी दामिनीनं सुया टाकायचा, रोज रिकामा होणारा डबा उघडला. वापरलेल्या सुया दोन होत्या.

"ऊन किती होतं त्या दिवशी," पाळक म्हणाले.

"पंचेचाळीस," वर्षाली म्हणाली, पण दामिनीकडे न बघता. तिचं मशीन खिडकीत असतं. तिथून हे दार सरळ दिसतं. तेव्हा दामिनीला कळलं, यांना सगळ्यांना ठाऊक आहे. पोरानं ओल्या केलेल्या गादीवर चादर टाकावी तशा या बाया तिच्यावर चादर टाकत होत्या. तिला त्या चादरीचा संताप आला.

"उन्हानं नसन तर," माणिकबाई म्हणाली, "यायनंच पोटभर खाल्लं नसन. म्हाताऱ्या माणसाचं असंच असते."

सगळ्यांनी घाईनं माना हलवल्या.

"हो वं माय," खाटेवरून आवाज आला. "म्याच नाही खाल्लं. पोहे खिडकीतून कुत्र्याले टाकले."

दामिनी गर्रकन वळली. ऐंशी वर्षांची बाई, उशाशी बायबल, आणि तिच्यासाठी धडधडीत खोटं बोलत होती! शेवटचा शेंगदाणासुद्धा दामिनीनं स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला होता.

"काहून खोटं बोलून राहिल्या, मावशी? कोणी सांगितलं तुमाले? खाल्ले व्हते पोहे, म्या चारले! अन् तुमी समद्या! ऊन म्हणता, म्हातारपण म्हणता, आता यायच्यावर ढकलता! खरं सांगायले एकीचीही जीभ रेटत नाही?"

"आमी काहून सांगाव?" माणिकबाईचा आवाज रागानं कापत होता. "चार वर्षं तुमी आमाले या खाटेजवळ उभं राहू देलं नाही. तापानं फणफणून एकट्या पडल्या, तरी शेजारी एक हाक नाही मारली. आमी तुमच्या कोण लागतो, सिस्टर? आधी ते सांगा."

दामिनी खाटेच्या कडेला बसली. सुंदराबाईचा हात तिच्या पाठीवर आला, तो तिनं झटकला नाही.

"वर्षाली, हात धुऊन ये. साबणानं. माणिकबाई, तुमीही. शिकवते मी," ती म्हणाली. आवाज अजून भांडणाचाच होता. "पण पयले ऐकून घ्या. यायनं मले सांगितलं व्हतं, सकाळी देली म्हणून. म्या ऐकलं नाही. म्या दोनदा सुई देली."