मुख्याध्यापकांचा नमुना

निवृत्त मुख्याध्यापकांनी आतड्याच्या तपासणीसाठी शौचाचा नमुना अगदी वेळेवर दिला. सोबतचा फॉर्म मात्र कल्पनाशक्तीने भरला. वय एकोणसाठ. धूम्रपान कधीच नाही. वजन तर लग्नाच्या वेळचं. खरं वय चौऱ्याहत्तर होतं, आणि न ओढलेल्या सिगारेटची थोटकं गच्चीवरच्या कुंडीत रोज सापडत.

दुर्दैवाने तो डबा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या त्यांच्या सुनेच्याच हाती आला. फॉर्म वाचून तिने कपाळावर हात मारला. पण सासऱ्यांना खोटं पाडायचं कोणी?

अहवाल आला. आतड्याच्या कर्करोगात दिसतात तशा डीएनएच्या खुणा सापडल्या होत्या. दुर्बिणीने तपासणी करा, म्हणून लिहिलं होतं.

मुख्याध्यापकांना दोन दिवस घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुठेतरी वाचलं, की वाढत्या वयात अशा खुणा धडधाकट माणसांतही दिसतात. झालं! एका सकाळीत ते पंधरा वर्षांनी म्हातारे झाले.

"सूनबाई, माझं वय चौऱ्याहत्तर कर. सिगारेटही लिही. त्या खुणा वयाच्याच आहेत. तपासणी रद्द!"

"बाबा, वय खरं लिहिल्याने आतडं बदलत नाही."

"वजनही खरं लिही गं," सासूबाई आतून म्हणाल्या. "जागा पुरली तर."

तरीही ते डॉक्टरीणबाईंकडे वाद घालायला गेलेच. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं. वयामुळे खोटा इशारा येतो. पण वयामुळे खरा आजारही येतो, आणि यातलं काय आहे ते डब्याला कळत नाही. आत बघावंच लागेल."

अडतीस वर्षं पोरांच्या सबबी फेटाळणाऱ्या माणसाची सबब पहिल्यांदाच कोणीतरी फेटाळली होती.

शेवटी दुर्बिणीने तपासणी झाली. आत दोन गाठी निघाल्या. कर्करोग नव्हता, पण एकीची लक्षणं ठीक नव्हती. दोन्ही तिथल्या तिथे काढल्या. गुंगी उतरल्यावर त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. "होतं ना काहीतरी?"

"होतं. आता नाही."

ते तोंड फिरवून रडले. मग डोळे पुसून त्यांनी बजावलं, "हे बाहेर कोणाला कळता कामा नये."

दोन दिवसांत बागेतल्या तिन्ही बाकांवर त्यांनी स्वतःच ते सांगून टाकलं. बोटांनी दाखवलेली गाठ बाकागणिक मोठी होत गेली.