माझ्या पोटातल्या अक्षता

मित्रांनो, माझं लग्न झालं आहे. पण तसं काही घडलंच नाही असं समजून मी सुरुवातीपासून सांगतो.

मी एक जुना कीबोर्ड आहे. जन्म परदेशात, बालपण खोक्यात, नोकरी सोलापुरात. माझा मालक बिरदेव फंक आणि जॅझ वाजवतो. आमच्या शहरात ते मन लावून ऐकणारे दोघं. त्यातला एक मी. म्हणून पोटासाठी आम्ही लग्नात मंगलाष्टकांना साथ करायचो. मधेच बिरदेव हळूच जॅझ घुसवायचा. भटजींना वाटायचं, व्होल्टेज कमी-जास्त होतंय.

मागच्या रांगेतून फेकलेली अक्षता नवरा-नवरीपर्यंत पोचत नाही. ती माझ्यापर्यंत पोचते. हळूहळू पोटात इतके तांदूळ साठले की माझी 'काळी दोन' ही पट्टी दबेनाशी झाली. नेमकं तेव्हाच पुण्याच्या एका फंक बँडनं बिरदेवला रविवारी वाजवून दाखवायला बोलावलं. जमलं तर कायमची जागा.

बिरदेव मला उघडायला बसला, तर त्याची आई चंद्रव्वा आडवी आली.

"त्यो कचरा न्हाय. लोकांचे आशीर्वाद हायत. केरात टाकशील तर बघ."

"मग कुटं टाकू, अव्वा?"

"डोस्क्यावर. अक्षता डोस्क्यावरच पडायच्या असत्यात. तुझं तर लगीन ठरंना, दुसऱ्याचं बघ."

शनिवारी त्याच्या चुलत बहिणीचं, पिंकीचं, जुळे सोलापुरात लग्न होतं. भटजी "सावधान" म्हणाले आणि बिरदेवनं मला उचलून जोडप्याच्या डोक्यावर उलटं धरलं, हलवलं. कित्येक लग्नांच्या अक्षता पडल्या. एक सुपारीही पडली. शेवटी कुणा आजोबांचा दात पडला.

"काय पडलं ओ हे?" नवरदेव अजिंक्यनं विचारलं.

"आशीर्वाद, दाजी."

"टोचतोय की."

"जुना असेल," भटजी म्हणाले.

काळी दोन मोकळी झाली. रविवारी पुण्यात आम्ही जीव ओतून वाजवलं आणि बिरदेवला जागा मिळाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"आन् डोस्क्यावर काय पडलं?" चंद्रव्वानं विचारलं.

"काय न्हाय."

"मग कसला कार्यक्रम?"

मित्रांनो, वाद्य झाकून ठेवत जा. पिंकीच्या मांडवात मी उलटा लटकलो होतो तेव्हा सगळा मांडव माझ्यावरच अक्षता टाकत होता. शास्त्राप्रमाणे विधी पूर्ण झाला आहे.

तरी मा. विवाह नोंदणी अधिकारी यांना विनंती की, सदर विवाहाची नोंद घेऊन मला दाखला द्यावा. वधू कोण, हे कार्यालयाने आपल्या स्तरावर ठरवावे.